तू थांबवलेली गाडी

रोहिणी, तो डाग गंजाचाच होता.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत उभी होते. फोन ठेवल्यावर आधी रडू नाही आलं. डोक्यात एवढंच आलं की, आता हा वाद घालायचा कुणाशी? तू म्हणणार जळाल्याचा डाग, मी म्हणणार गंजाचा, आणि मग दोघींपैकी एक कंटाळून विचारणार, "जेवलीस का?" इतकी वर्षं आपले फोन असेच संपले. साध्या तापाचं निमित्त होऊन माणूस जातं, हे मला अजून नीट पटलेलं नाही. पटेल तेव्हा पटेल. तोवर ती गोष्ट पहिल्यापासून एकदा माझ्या तोंडून ऐक. मध्ये न बोलता ऐकायची ही तुझी पहिलीच वेळ.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. आपण दोघी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोघीही इलेक्ट्रिकलच्या, वसतिगृहात एका खोलीत. तू रेणापूरची, मी बिलोलीची. कॉलेजनं पहिल्यांदाच विजेवर चालणारी गाडी करून स्पर्धेला पाठवायचं ठरवलं होतं. पाइपांचा सांगाडा, चाकं, ब्रेक हे मेकॅनिकलच्या पोरांकडे. मोटर, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, बॅटऱ्या आणि सगळ्या तारा आपल्याकडे. संघाचा म्होरक्या उदगीरचा अमोल. त्याच्या तोंडात दोनच विषय, गाडी आणि उदगीरचा वेगळा जिल्हा. "औंदा होतोयच बघा जिल्हा," तो वेल्डिंग करता करता म्हणायचा. आणि तू तारा सोलता सोलता, "झाला म्हणजे नळाला पाणी येतंय का, तेवढं सांग." उदगीरला त्याच्या घरी नळाला पाणी येऊन किती दिवस झाले, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

आदल्या परीक्षेत मोटरच्या प्रश्नाला तुला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. खोक्यातून खरी मोटर निघाली, तेव्हा ती मांडीवर घेऊन तू मला हळूच विचारलंस, "मित्रे, हिचं पुढचं कोणतं अन् मागचं कोणतं?" आपण दोघी इतक्या हसलो की सर बघायला आले. तोवर मोटर म्हणजे फळ्यावरचा एक गोल आणि त्यातून निघालेल्या तीन रेघा. त्या दिवशी ती जड होती, तिला तेलाचा वास होता, आणि तारा उलट्या जोडल्या की ती उलटी फिरत होती. तू मुद्दाम दोन-तीनदा उलट्या जोडून बघितल्यास. "चुकलं की लगेच सांगती ही," तू म्हणालीस. "पेपर तपासणाऱ्यापेक्षा बरी."

बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या होत्या, आत पाणी घालायच्या. ते शुद्ध पाणी दुकानातून कॅनमध्ये यायचं आणि कॅन आपल्या खोलीत असायचा. वसतिगृहात आंघोळीला बादलीभर पाणी, तेही एक दिवसाआड. शेजारच्या खोलीतल्या पोरी कॅनकडे बघून म्हणायच्या, "तुमच्या बॅटरीची लई चैन आहे बाई. आमच्या केसांचं काय?" एकीनं खरंच तांब्याभर चोरून डोकं धुतलं. तू तिच्यावर ओरडली नाहीस. "केस मऊ झाले का?" एवढंच विचारलंस.

मग पाण्यापायी वसतिगृहच लवकर बंद करायचं ठरलं. सगळ्यांना घरी जायला सांगितलं. स्पर्धा जवळ आलेली. पोरांनी सांगाडा सरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला. आपलं तारांचं काम मात्र तसंच पडलेलं. तू म्हणालीस, "चल माझ्या घरी. मोटर बी घे, कंट्रोलर बी घे. बाजेवर मांडून करू." बिलोलीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "पाणी तिथंबी न्हाई अन् इथंबी न्हाई. जा." मोटर मांडीवर घेऊन आपण बसनं रेणापूरला आलो. कंडक्टरनं विचारलं, हे काय हाय? तू म्हणालीस, "बाळ हाय." त्यानं तिकीट मागितलं.

तुझ्या घरचं ते पहिलं जेवण मला ताटासकट आठवतं. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, ठेचा. मायनी, म्हणजे तुझ्या आईनं, भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, "आडनाव काय म्हणलीस गं तुझं?" आमच्यासाठी हा प्रश्न जातीचाच असतो, हे तुला ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "बॅटरीवाले. हिच्या घरचे सगळे बॅटरीचंच काम करतेत." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

सकाळी टँकर आला. मी आणि माय कळश्या घेऊन गेलो. तू झोपलेली होतीस. रांगेत मी मायना माझं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं. त्यांनी पुढच्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कळलं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "गळ्यात भगवान बुद्धाचं पेंडल हाय की तुझ्या. आमच्या रोहिणीलाच वाटलं, मायला दिसत न्हाई."

मग आमचा नंबर आला. त्यांनी दोन्ही कळश्या भरून घेतल्या आणि एक माझ्या कमरेवर ठेवली. "सांडू नको. जड हाय." ती कळशी मी घरात नेली आणि त्यांनी दाखवलेल्या रांजणात ओतली. त्या दुष्काळात त्या घरात त्या दिवशी जे पाणी प्यायलं गेलं, त्यात ते होतं.

तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मग झालं की! मी काय वाईट केलं?" मी म्हटलं, माझ्या वतीनं तू बोलायला नको होतंस. तू म्हणालीस, "मी तुला वाचवायला बोलले." मी म्हटलं, मला वाचायचंच नव्हतं, सांगायचं होतं. तू तार सोलत राहिलीस. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. गंजावर मात्र हजारदा बोललो. कधीकधी वाटतं, त्या गंजाच्या आडून आपण हेही थोडंसं भांडून घेत होतो. कुणी थांबायचं, कुणी कुणासाठी थांबवायचं, हे.

चार दिवसांत बाजेवरच सगळ्या तारा जोडून झाल्या. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या लावून मोटर पहिल्यांदा कंट्रोलरवर फिरली तेव्हा वडील, काका, शेजारची चार माणसं गोळा झाली होती. मायनी कान जवळ नेला. "आवाज कामून न्हाई?" त्यांनी विचारलं. "बिघडली का?" तू हसून खाली बसलीस. मला मात्र तो प्रश्न फार आवडला होता.

आता स्पर्धेचा दिवस. परगावचं मैदान, फुफाटा, उन्हानं पाइपांना हात लावता येईना. सगळ्या तपासण्यांत आपली गाडी पास झाली. शेवटची शर्यत राहिली, जी गाडी न थांबता जास्तीत जास्त वेळ पळेल तिची. चालवायला तू, कारण तू वजनानं हलकी आणि हातानं स्थिर. मोठमोठ्या कॉलेजांच्या गाड्या एकेक करून बंद पडत होत्या. कुणाची साखळी तुटली, कुणाची बॅटरी संपली. आपली पळत होती. अमोल कडेला उभा राहून प्रत्येक फेऱ्याला शर्ट फिरवत होता. आपण तिसऱ्या नंबरवर आलो होतो आणि शर्यत संपायला थोडाच वेळ राहिला होता.

तेव्हा तू गाडी कडेला घेतलीस, लाल बटण दाबलंस आणि उतरलीस.

आम्ही सगळे धावलो. अमोल ओरडला, "काय झालं? बस बस! चढ!" तू हेल्मेट काढलंस. तुझं तोंड धुळीनं माखलेलं, फक्त डोळे दिसत होते.

"वास आला," तू म्हणालीस.

"कशाचा?"

"जळाल्याचा. तारेचा."

"धूर दिसला का?"

"न्हाई. वास आला."

थांबली ती गाडी बाद, असा नियम होता. अमोल तिथंच मातीत बसला. सरांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. परतताना जीप वाटेत चहाला थांबली तर अमोलनं तुझा कप तुझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पाच मिनिटं अजून कळ काढली असती तर?" तू म्हणालीस, "काढली असती. मग?" तो चहाचे पैसे द्यायला गेला. मला उत्तर सुचलं होतं, पण मी चहा प्यायला लागले.

नांदेडला आल्यावर आपण गाडी उघडली. मोटर ठीक. कंट्रोलर ठीक. तारांचं प्लास्टिक कुठंही वितळलेलं नाही. फक्त एका बॅटरीच्या तारेच्या टोकाला जी तांब्याची टोपी बसवतात, आपण तिला लग म्हणतो, तिच्यावर नखाएवढा तपकिरी डाग होता. तू म्हणालीस, हे बघ, जळालाय. मी म्हटलं, वरच्या लोखंडी वॉशरचा गंज लागलाय. बॅटरीच्या वाफेनं वॉशर असाच गंजतो. सरांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही होऊ शकतं." तू तो लग कापून घेतलास आणि खिशात टाकलास.

पुढं मी पुण्याकडे गेले, गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायच्या कामावर. तुलाही तिथं नोकरी लागत होती. तू लातूरच्या एका कॉलेजात शिकवायला गेलीस. मी तुला वेड्यात काढलं. तू म्हणालीस, "तिकडं तू हाईस ना? इकडं कोण हाय?" हे बोलणं मला आढ्यतेचं वाटलं होतं. नंतर एकदा तुझ्या वर्गावर व्याख्यान द्यायला आले, तेव्हा पाहिलं.

तुझ्या कार्यशाळेत तयार संच आणून जोडायला बंदी होती. बाजारात आता सगळं मिळतं. खोकं आणा, चार स्क्रू फिरवा, वर कॉलेजचं नाव रंगवा आणि प्रदर्शनात उभं करा. तुझी पोरं तारा मापून कापत होती, स्वतः लग दाबून बसवत होती, चुकत होती, परत कापत होती. एक मुलगा दिवसभर एकच जोड करत बसला होता. मी तुला म्हटलं, अशानं वर्षात गाडी होणार नाही. तू म्हणालीस, "गाडी न्हाई झाली तर न्हाई झाली. पोरगा तयार व्हायला पाहिजे."

आणि मग तू खिशातून तो लग काढून वर्गात फिरवायला दिलास! मला ठाऊकच नव्हतं की तू दरवर्षी हे करतेस. एका बाजूला तुझं म्हणणं मांडलंस, दुसऱ्या बाजूला माझं, आणि माझं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंस. मग हात वर करायला लावलेस. त्या वर्षी गंज जिंकला. मी जाम खूश. पुढच्या वर्षी तुझा फोन, "औंदा जळाला, बरं का. पंधरा जणांनी हात वर केले."

तुझ्या कार्यशाळेचा एकच नियम होता: कुणीही, अगदी कुणीही, "थांबा" म्हटलं की आधी थांबायचं, कारण मागाहून विचारायचं. यावर मी तुझ्याशी खूप भांडले. माझं म्हणणं, भीती मोजता आली पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक तारेवर ताप मोजणारी यंत्रं असतात, आकडा वर गेला की गाडी आपोआप थांबते. नुसत्या वासावर थांबायला लागलो तर एकही गाडी कारखान्याबाहेर पडणार नाही. तू म्हणालीस, "ते यंत्र त्या जागी बसवायचं, हे कुणाला सुचलं? आधी कुणीतरी घाबरलंच असंल ना?" मी म्हटलं, असेल. पण तो घाबरलेला माणूस मग मोजायला शिकला. तू म्हणालीस, "माझी पोरं आत्ता घाबरायला शिकायलीत. मोजायला तुझ्याकडं पाठवते."

खरंच पाठवलीस. तुझी दोन पोरं आज माझ्या हाताखाली काम करतात. चाचणी चालू असताना मधेच हात वर करतात ती तीच. कधी काही सापडतं, कधी नाही. मला अजून त्यांचा राग येतो, आणि त्यांच्याशिवाय चाचणी लावायला मी तयार नसते. हे तुला सांगायचं राहिलं.

फरहीनची गोष्ट तू मला किती आनंदानं सांगितली होतीस. दुसऱ्या वर्षाची, लातूरचीच, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. पाहुण्यांसमोर गाडी दाखवायचा दिवस होता. प्राचार्य, बाहेरून आलेली मोठी माणसं, खुर्च्या, मंडप. गाडी निघाली आणि मागून फरहीनचा बारीक आवाज आला, "थांबा." चालवणाऱ्यानं थांबवली. पाहुणे कुजबुजले. फरहीनला वाटलं होतं मागचं चाक डुगडुगतंय. तुम्ही सगळ्यांसमोर चाक उतरवलं. काही नव्हतं. कुणीतरी हसलं. तू माइक मागून घेतलास आणि म्हणालीस, "आज आमच्या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग चालतोय, हे आपण बघितलं." मग फोनवर मला, "मित्रे, आज गाडी थांबली!"

"काही सापडलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"मग काय? पोरगी बोलली ना!"

यावर मी काय म्हणाले होते ते आठवत नाही. बहुतेक "जेवलीस का" म्हणाले असेन.

यंदा तू दोन सीटांची गाडी करायला घेतली होतीस. ये, ये म्हणत होतीस. आणि मग तो ताप.

मी लातूरला आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. कार्यशाळेत गेले. गाडीवर चादर घातलेली, पोरं भिंतीला टेकून बसलेली. फरहीन आता शेवटच्या वर्षाला, संघाची प्रमुख. तिनं सांगितलं, गाडीला हार घालून, तुझा फोटो लावून ती दर्शनी हॉलमध्ये ठेवायचं चाललंय. लोकांचा हेतू चांगलाच होता. "पण मॅडम," ती म्हणाली, "ती एकदाबी पळलेली न्हाई. न पळलेली गाडी कशी ठेवायची?"

मग आम्ही कामाला लागलो. मी एकेक जोड तपासला. हाताखालून तुझेच जोड जात होते, पोरांच्या बोटांनी केलेले. एका ठिकाणी तारेला ताण होता, तिथं मी जास्त तार घ्यायला सांगितली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम म्हणायच्या, इथं कमीच ठेवा." मी म्हटलं, तुमच्या मॅडमशी माझं बोलणं चालू आहे, तोवर माझं ऐका. पोरं पहिल्यांदा हसली. मग एकदम सगळीच रडली. मीही.

विभागप्रमुखांशी फरहीनच बोलली. मैदानावर गाडी न्यायची परवानगी मिळाली.

त्याच दुपारी माय आल्या, तुझ्या भाड्याच्या खोलीतलं सामान न्यायला. सोबत तुझा चुलतभाऊ टेम्पो घेऊन. कुणीतरी त्यांना मैदानावर आणलं. त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या, पाइपावरून हात फिरवला.

"ही का ती? हिच्यापायीच दिवाळीला आली न्हाई."

फरहीननं मान खाली घातली. माय तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बसू का मी?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. फरहीननं हेल्मेट आणलं. मायनी पदर आत खोचला, वर हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा पट्टा फरहीननं बांधला. मी चालवायला बसले, त्या शेजारी. पहिल्यांदाच पळणारी गाडी आणि त्यात तुझी माय, मी जीव मुठीत धरून चालवत होते. चाकांखालच्या खड्यांचा आवाज तेवढा येत होता. अर्धं मैदान झालं. मायनी लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

मग म्हणाल्या, "एवढं हळू कामून चालवायलीस? मला काय व्हतंय?"

मी पाय दाबला. वाऱ्यानं त्यांचा पदर सुटून मागं उडाला. त्यांनी तो धरला नाही.

फेरा संपल्यावर त्या उतरेनात. "थांब जरा," म्हणाल्या. पोरं जवळ येऊन उभी राहिली. मग त्या उतरल्या आणि फरहीनचा दंड धरून तिला माझ्या जागेवर बसवलं. "आता तू चालव. ती पळताना बाहेरून कशी दिसती, ते मला बघायचंय. रोहिणीनं तसंच बघितलं असतं ना?"

फरहीन निघाली, शेजारी तो ताणाच्या तारेवरून माझ्याशी वाद घालणारा मुलगा. पहिल्या वळणावर तिनं गाडी फार जपून घेतली. माय मैदानाच्या कडेला, डोक्यावर हेल्मेट तसंच, एक पाऊल पुढं आल्या. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडल्या, "पळव गं माय, पळव!"

रोहिणी, तुझ्या मायचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फरहीनला तो पार पलीकडच्या टोकाला ऐकू गेला. तिनं पळवली.